कुणी न्यायला न आलेले दात

आमच्या घरात युद्ध जेवायच्या टेबलावर चालतं आणि जेवण मांडीवर. ही कृपा माझ्या धाकट्या दिरांची. भाऊजी कवळ्या बनवणाऱ्या कारखान्यात कामाला आहेत. लग्न केलं नाही, व्यसन नाही, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण सुट्टी आली की जुन्या बाजारातून पिशवीभर मोडकी खेळणी आणतात आणि त्यांच्या लढाऊ गाड्या करतात. चाक तुटलेला दुधाचा टँकर बघता बघता रणगाडा होतो. बाटलीचं झाकण म्हणजे वरचं दार, संपलेली रिफिल म्हणजे तोफ, खिडक्यांवर चहाच्या गाळणीची जाळी. माझ्या दोन गाळण्या त्यात शहीद झाल्या आहेत. मग त्यांचे मित्र येतात, एक वायरमन आणि एक औषधांच्या दुकानवाला. तिघं पन्नाशीचे घोडे मापाची टेप लावून गाड्या पुढे सरकवतात, फासे टाकतात आणि एकमेकांच्या फौजा गारद करतात.

त्या रणांगणावरचे डोंगरही कारखान्यातलेच. माणसाच्या हिरड्यांचं माप घेऊन प्लास्टरचा ठसा करतात आणि त्यावर कवळी घडवतात. काम झालं की ठसा फेकायचा. भाऊजी तो घरी आणून राखाडी रंग देतात, की झाली घोड्याच्या नालासारखी टेकडी.

इथवर माझी तक्रार फक्त टेबलाची होती. पण काही कवळ्या न्यायला कुणी येतच नाही. दवाखान्यातून त्या कारखान्यात परत येतात, पडून राहतात आणि एक दिवस मालक म्हणतो, टाका. भाऊजींना त्या टाकवत नाहीत. ते त्यातले दात सोडवून गाड्यांना चिलखत म्हणून लावतात. त्यांचा एक नियम आहे. एका गाडीला एकाच माणसाचे दात, सरमिसळ करायची नाही. मी एकदा कारण विचारलं.

"भांडतील ना आपापसांत, वहिनी," ते म्हणाले.

मी हसले. ते हसले नाहीत.

त्यातली शाळेची बस मला पहिल्या दिवसापासून खटकली. कुण्या पोराची पिवळी बस होती, भाऊजींनी तिला काळपट रंग दिला आणि पुढच्या जाळीत वरचे-खालचे दात दोन ओळींत बसवले. पुसायला गेले की फडकं अडकायचं. ओढलं की सुटायचं नाही, आणि मी ओढायचं थांबवलं की आपोआप सुटायचं. मी तिचं तोंड भिंतीकडे करून ठेवायचे. दुपारी पाहावं तर ती खोलीकडे बघत असायची, आणि घरात माझ्याशिवाय कुणी नसायचं. खेळात तिच्यासमोर आलेली एकही गाडी टिकली नाही, फासा काही केल्या साथ द्यायचा नाही. वायरमन तर एकदा चक्क उठून उभा राहिला. "मला त्या बाजूला बसवू नका," म्हणाला. "माझ्याकडेच बघते ती." विजेच्या खांबावर बिनधास्त चढणारा माणूस हा.

मग एका सकाळी दार वाजलं. दारात एक वयस्कर बाई उभ्या होत्या, केसही न विंचरता आलेल्या.

"कवळ्या करणारे दादा इथंच राहतात का?"

त्यांचे यजमान पहाटे गेले होते. त्यांच्यासाठी पूर्वी कवळी करून घेतली होती, पण ऐन वेळी "नको मला" म्हणून ते अडून बसले आणि ती दवाखान्यातच राहिली. दवाखान्यानं कारखान्याकडे बोट दाखवलं, कारखान्यानं भाऊजींकडे.

"दुपारी माणसं येतील," बाई म्हणाल्या. "तोंड पार आत गेलंय हो. लोक म्हणतील, बायकोनं साधे दातसुद्धा घातले नाहीत. तेवढा चेहरा नीट दिसू दे, दादा."

भाऊजींनी दवाखाना कोणता ते विचारलं. टेबलावरच्या टेकड्या उलट्या करून बुडाशी कोरलेले नंबर पाहिले आणि एकाच नंबरच्या दोन, वरच्या नि खालच्या हिरडीच्या, बाजूला काढल्या. मग बसकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"पत्ता सांगून ठेवा, मावशी. मी घेऊन येतो," एवढंच ते म्हणाले.

बाई गेल्यावर त्यांनी पक्कड घेतली. त्यांनी चिकटवलेले दात एरवी पकडीलाही दाद देत नाहीत. त्या दिवशी एकेक दात नुसत्या बोटानं हातात आला. सोडून दिल्यासारखा. 

"पक्कं करायला वेळ नाही," भाऊजी म्हणाले. "पण मेलेल्याला कुठं चावायचंय? मेणावर भागेल."

दात घासून त्यांनी रंग काढला आणि त्या दोन टेकड्यांवर गुलाबी मेण थापलं. तिथे त्यांचा हात थांबला. ठशावरून हिरडी कळते, पण कुठला दात किती पुढे, किती तिरका, हे त्या माणसाला समोर बसवून ठरवलेलं असतं. ते ठरलेलं भाऊजींनीच मोडून ठेवलं होतं. जरा वेळानं त्यांची बोटं भराभर चालू लागली. "हाताला आठवतंय," ते पुटपुटले.

एकट्यानं जायची त्यांची हिंमत होईना, म्हणून मी बरोबर गेले. आतल्या खोलीत ते गृहस्थ निजवले होते. भाऊजींनी कवळी अलगद बसवली आणि मागे सरले. गाल भरले. पण ओठ मिटेनात. ते वर उचलले गेले आणि दोन्ही ओळी आवळलेल्या, उघड्या दिसू लागल्या. हाताला आठवली होती ती बस.

भाऊजी पुढे झाले. "चुकलं, मावशी. आत्ता नीट करतो."

बाई यजमानांच्या तोंडाकडे एकटक बघत होत्या.

"तुम्ही यांना ओळखत होता?"

"नाही हो. कधी पाहिलंही नव्हतं."

"बाहेर कायम ओठ मिटून गोड हसायचे. सगळे म्हणायचे, लाखात एक माणूस." त्या जवळ सरकल्या. "हे तोंड दार लावल्यानंतरचं आहे. माझ्याशिवाय कुणीच पाहिलेलं नाही."

बाहेर जिन्यावर पावलं वाजली. माणसं यायला लागली होती. भाऊजींनी घाईघाईनं कवळीकडे हात नेला. बाईंनी त्यांचं मनगट धरलं.

"राहू द्या," त्या म्हणाल्या, आणि स्वतः जाऊन त्यांनी दार सताड उघडलं.