काकांचा फ्लॅट आणि माझा नंबर

माझे अविवाहित बाळूकाका मृत्युपत्र न करता वारले, आणि त्याला सर्वस्वी मीच जबाबदार आहे.

गंगापूर रोडवर त्यांचा स्वकमाईचा दोन खोल्यांचा फ्लॅट होता. नऊ वर्षं मी पंचवटीतून रोज तिथे जात होतो. डोळ्यांत थेंब, पायाला तेल आणि (जेवताना वाचत असाल तर क्षमा करा) कवळी धुणं, सगळं मीच! काका कितीदा म्हणाले, "सुधीर, कागद आण. फ्लॅट तुझ्या नावावर लिहून टाकतो." आणि मी मूर्ख दर वेळी कानांवर हात ठेवायचो, "काका, असलं अभद्र बोलू नका!" वाटायचं, आणखी एकदा आग्रह करतील, मग आणू कागद. जरा बरं दिसतं!

काका आग्रहाला कमी पडले. एका सकाळी चहा पिता पिता गेले.

तेरावं झालं. बायकोने फ्लॅटच्या पडद्यांची मापं घेतली आणि मी वकिलांकडे गेलो.

"काकांना बायको? मुलं? आईवडील?"

"कोणी नाही. भाऊ एकच, माझे वडील. तेही गेले."

"बहीण?"

"देवळ्याला आत्या आहे. पण बावीस वर्षं बोलणं नाही! तिच्या मुलीच्या लग्नात काका भर पंगतीत म्हणाले, रस पातळ आहे."

"मग फ्लॅट आत्याबाईंचा."

"काय?"

"मृत्युपत्र नसलं की कायदा ठरवेल तो वारस. सख्खी बहीण हयात असताना पुतण्याचा नंबर लागत नाही."

"अहो, पण सोसायटीत नॉमिनी मी आहे!"

"नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सांभाळायचं आणि वारसाच्या हवाली करायचं."

"नऊ वर्षं मी कवळी धुतलीय हो त्यांची!"

"कायद्यात कवळीचं कलम नाही." (हे बोलताना माणूस हसलासुद्धा नाही!)

माझं डोकंच फिरलं. आमरसावरून रुसून बसायचं हिने, दहाव्यालाही फिरकायचं नाही, आणि फ्लॅट हिला? हा काय न्याय झाला? चार शब्द सुनवायचेच, म्हणून तावातावाने देवळ्याला फोन लावला.

"आत्या, काकांचा फ्लॅट..."

"मला ठाव हाय. जावयानं सांगितलं. उद्या येते. ष्टँडवर न्यायला ये."

आणि मी गेलो! तिची पिशवीही मीच उचलली!

बायको किल्ली घेऊन फ्लॅटवर आलीच होती. आत शिरताच आत्या काकांच्या फोटोसमोर उभी राहिली. मग डोळ्यांना पदर लावून म्हणाली, "दादा, रस पातळ नव्हता रे."

मला एकदम भरून आलं. भांडायचं राहूनच गेलं! तोवर तिने डोळे पुसून खिडक्यांकडे पाहिलं.

"सुध्या, माझ्या नातीला कालेजासाठी इथं ठेवायचीय. पडदे लागतील. मापं घेशील का?"

"घेतलेली आहेत," माझी बायको दातओठ खात म्हणाली.



दुसऱ्या दिवशी आत्याच्या नावाचा अर्ज सोसायटीत दिला. अर्ज भरून कोणी दिला? मी! दोन साक्षीदार हवे होते. मी मुकाट्याने सही केली. अशा रीतीने काकांच्या फ्लॅटच्या कागदावर माझं नाव अखेर लागलं: साक्षीदार क्रमांक दोन.

क्रमांक एक वॉचमन होता.