हत्तीचे मागचे पाय

सर्कशीत त्यांना सगळेच ‘मागले’ म्हणत. एकोणीस वर्षं ते हत्तीचे मागचे दोन पाय होते. पुढचे पाय आणि सोंड त्यांच्या साडूंकडे. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी, आणि जाड कापडाचा तो हत्ती त्यांनीच शिवलेला. खरा हत्ती म्हातारपणाने गेला, पण परवान्यावर आणि पोस्टरवर तो होताच. मालक म्हणाले, “घरच्या घरीच भागवू.”

मागल्यांचं काम म्हणजे कमरेत वाकायचं, साडूंचा पट्टा धरायचा आणि ते नेतील तिकडे जायचं. टाळ्या रोज ऐकू यायच्या, पण टाळी वाजवणारा एक माणूस त्यांनी कधी पाहिला नव्हता.

एका सकाळी जनावरांचे सरकारी डॉक्टर तपासणीला आले. मालकांची पाचावर धारण बसली. दोघे साडू धावत हत्तीत शिरले. डॉक्टर मोठे कर्तव्यदक्ष. कागदावर हत्ती लिहिलाय म्हणजे समोर हत्तीच उभा आहे, याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. त्यांनी छातीला नळी लावली, मग पोटाला लावली, आणि त्यांचा चेहरा उजळला.

“दोन ठोके! अभिनंदन, मालक. गाभण आहे.”

त्यांनी कागदावरच्या ‘हत्ती’ला तिथल्या तिथे एक ‘ण’ जोडला आणि बजावलं, “बावीस महिने हिच्याकडून काम करून घेतलंत, तर परवाना रद्द.”

मालक आधी कपाळाला हात लावून बसले. मग त्यांनी तंबूबाहेर पाटी लावली: आमची हत्तीण बाळंत होणार. बघ्यांची रीघ लागली. हत्तीण गवतावर पडून राही. बायाबापड्या येऊन तिला कुशीवर निजण्याचे सल्ले देत. लोक केळी आणत. केळी सोंडेतून आत जायची आणि मागल्यांपर्यंत फक्त सालं पोचायची.

“साडूभाऊ, एखादं तरी इकडे द्या,” ते म्हणत.

“दोन जिवांचं खातोय मी,” साडू तोंड भरून सांगत.

विसाव्या महिन्यात मालकांनी विचारलं, “पिल्लाचं काय करायचं?”

“मीच होणार पिल्लू,” मागले म्हणाले.

“अहो, बावन्न वर्षांचे आहात तुम्ही. गुडघे बघा स्वतःचे!” बायको म्हणाली.

“एकोणीस वर्षं आत काढली. आता मला बाहेर येऊ दे.”

साडू हसले. मागले मात्र हटून बसले. शेवटी बायकोने उरलेल्या कापडातून छोटा हत्ती शिवला आणि गुडघ्यांपाशी कापूस जास्त भरला.

ठरल्या दिवशी तंबूत तीळ ठेवायला जागा नव्हती. मागले हत्तिणीच्या पोटाखालून रांगत बाहेर आले आणि त्यांनी मान वर केली. समोर माणसंच माणसं. पहिल्या रांगेतली एक म्हातारी दोन्ही हातांनी टाळ्या पिटत होती. मागल्यांना हुंदका आवरेना.

“रडलं! फुप्फुसं ठणठणीत!” डॉक्टर ओरडले.

इतक्यात हत्तिणीचा मागचा भाग हवा गेल्यासारखा खाली बसला. डॉक्टरांनी लिहून घेतलं: प्रसूतीनंतरचा अशक्तपणा.

पुढची तीन वर्षं मागल्यांनी पिल्लाचं काम केलं. डॉक्टर दर तिमाहीला उंची मोजत, म्हणून बायको तपासणीच्या आदल्या दिवशी पाठीवर चार बोटं कापूस चढवायची. प्रत्येक खेळात मागले आधी प्रेक्षकांकडे डोळे भरून बघत, मगच पहिली उडी मारत. बँडवाले बिचारे थांबून राहत. एके दिवशी गुडघ्यांनी साफ संप केला. डॉक्टरांनी त्यांना तपासलं, बराच वेळ त्यांच्या डोळ्यांत पाहिलं आणि म्हणाले, “वयाच्या मानाने फार थकलंय हे. याला मोकळं सोडा.”

सरकारी शिक्क्यानिशी मागले मोकळे झाले. शहरातल्या एका दुमजली घरात त्यांनी खोली घेतली. वाचायचा चष्मा हरवलेला, म्हणून सुटकेच्या कागदांसोबत आलेला डॉक्टरांचा शेवटचा अहवाल बायकोनेच त्यांना वाचून दाखवला.

हत्तिणीच्या मागच्या पायांत एव्हाना भुसा भरून खाली चाकं लावली होती. त्याबद्दल डॉक्टरांनी एकच ओळ लिहिली होती: ‘मागच्या पायांची चाल पूर्वीपेक्षा पुष्कळच सुधारली आहे.’

तेवढी ओळ बायकोने गाळली.