सूचक, अनुमोदक आणि कविता

एका पुस्तकाभोवती चार माणसं बसली की पुस्तक चार पानं पुढे सरकतं आणि किस्से चाळीस जमतात. आमच्या भिसेगावच्या वाचन मंडळाचं असंच झालं. वर्षभरात आम्ही एकच कवितासंग्रह वाचला. कवयित्री दूरच्या राज्यातली, पुस्तक मराठीत आलेलं. तिचं नाव सांगत नाही, कारण आम्ही तिच्या कवितांचं जे केलं ते तिच्या कानावर जाऊ नये!

मंडळी मोजकीच. वैद्यबाई कर्जतच्या जुन्या घरातल्या, शाळेतून मराठीच्या शिक्षिका म्हणून निवृत्त. पुस्तक त्यांचं, हौसही त्यांचीच. भाऊ म्हणजे माजी सरपंच, त्यामुळे न विचारताच अध्यक्ष. गणपत आणि रमेश हे सख्खे भाऊ. गणपत शेती करतो आणि टेंपो चालवतो, रमेश साजगावच्या कारखान्यात मशीनवर आहे. आणि मी. माझं स्टेशनजवळ झेरॉक्स, लॅमिनेशन आणि लग्नपत्रिकांचं दुकान आहे, म्हणून मला सगळे ‘झेरॉक्स’च म्हणतात. दुकानात पेन असतं, एवढ्या पात्रतेवर मला मंडळाचा चिटणीस केलं.

*

पहिल्या रविवारी वैद्यबाईंनी पहिली कविता वाचली. सुंदर वाचली. संपल्यावर त्यांनी डोळे मिटले. आम्ही पण मिटले. तेवढ्यात भाऊंचा आवाज आला, “सूचक कोन?”

बाईंनी डोळे उघडले. “भाऊ, कवितेला सूचक नसतो.”

“मंग मंजूर कशी करायची?”

“कविता मंजूर करायची नसते हो! अनुभवायची असते.”

“आवो बाई,” भाऊ समजुतीनं म्हणाले, “उद्या ती कवयित्री आली आन म्हनली तुमी वाचलीच नाय, तर कागद काय दाखवनार?”

पंधरा वर्षं ग्रामसभा चालवलेल्या माणसापुढे कोणाचं चालणार! त्या दिवसापासून माझ्या वहीत नोंदी सुरू झाल्या. ‘विषय क्रमांक एक. कविता वाचली. दोन सदस्यांना समजली. सूचक वैद्यबाई, अनुमोदक रमेश. मंजूर.’ पाचवी कविता कोणालाच समजली नाही, ती पुढच्या सभेत घ्यायचं ठरलं. ती तशी सात वेळा पुढे गेली. शेवटी भाऊंनी ती उपसमितीकडे दिली. उपसमिती म्हणजे वैद्यबाई.

*

आता या भावांचं सांगायला हवं. घरं भिंतीला भिंत लागून, पण तीन वर्षं एकमेकांशी बोलणं बंद. कारण ऐकाल तर हसाल. गणपतनं नवं घर बांधलं, वास्तुशांतीचं आमंत्रण सगळ्यांना व्हॉट्सॲपवर पाठवलं, आणि त्या गठ्ठ्यात सख्ख्या भावालाही पाठवलं! रमेशचं म्हणणं, “मधी एक भिंत हाय. चार पावलं चालून येता आलं नाय?” गणपतचं म्हणणं, “घरच्या मानसाला कसलं आवतान?” दोघंही आपापल्या जागी बरोबर, त्यामुळे भांडण मिटायचं नावच नाही.

मंडळात मात्र दोघंही न चुकता यायचे. एका कवितेतली बाई म्हणते, कापणीच्या दिवशी पाऊस यावा, असं मला वाटतं. गणपत ताडकन उठला. “कापनीला पाऊस मागती? भात भिजलं तर कोन सुकवनार, ही?”

भाऊ म्हणाले, “हरकत नोंदवा.”

रमेश दोन हात पुढे बसला होता. तो छताकडे बघत म्हणाला, “अध्यक्षसाहेब, मागं बसलेल्या मानसाला सांगा, बरोबर बोलला.”

गणपत म्हणाला, “अध्यक्षसाहेब, फुडं बसलेल्या मानसाला सांगा, मला ठावं हाय.”

भाऊंनी दोन्ही निरोप पोहोचवले. दोन्हीकडे शब्दाला शब्द, अगदी गंभीर चेहऱ्यानं! हसू दाबताना बाईंना ठसका लागला.

*

पुस्तक एकच, हात पाच. दिवाळीपर्यंत त्याची शिलाई सुटली आणि पानं हातात आली. बाईंचा चेहरा बघवेना. मी म्हटलं, “बाई, काळजी सोडा, माझ्यावर सोपवा.”

मी काय केलं असेल? दुकानदाराला दुसरं काय सुचणार! सगळा संग्रह पान न् पान लॅमिनेट करून आणला. प्रत्येक पानावर एक कविता, मागची बाजू कोरी, कडा गोल कापलेल्या. बाईंनी एक पान हातात धरून वाकवून पाहिलं. ते टॉक्कन आवाज करून सरळ झालं.

“आता या कविता आपल्यापेक्षा जास्त जगतील,” बाई म्हणाल्या. त्या खूश होत्या की नाही, ते मला अजून कळलेलं नाही.

फायदा मात्र झाला. दर आठवड्याला प्रत्येकाला एकेक कविता घरी नेता यायला लागली. भाऊंनी चौदावी नेली आणि परत आणेनात. तीन रविवार गेले. शेवटी बाई स्वतः त्यांच्या घरी गेल्या, सोबत मी. काकूंनी, म्हणजे भाऊंच्या बायकोनं, चहा टाकला होता. ओट्यावर दुधाचं पातेलं, आणि पातेल्यावर झाकण म्हणून कविता क्रमांक चौदा!

काकू म्हणाल्या, “लय चांगली हाय गं बाय ही. बरोब्बर बसती. आन वरून पुसली की साफ.”

मी बाईंकडे बघायची हिंमत केली नाही. बाई जवळ गेल्या, पातेल्यावरच वाकून पूर्ण कविता वाचली आणि म्हणाल्या, “असू दे इथेच. आमच्याकडे हिला कोणी रोज दोनदा हातात घेत नव्हतं.”

*

रमेशनं त्याच्या वाट्याची कविता कारखान्यात नेली आणि मशीनशेजारी लावली. तिची सुरुवात अशी होती: ‘थांब. आधी आपल्या हातांकडे बघ.’

आता कारखान्यात लॅमिनेट केलेला कागद मशीनजवळ दिसला, तर तो काय असणार? सूचना! मोठे साहेब फिरत फिरत आले. पहिल्या दोन ओळी वाचून म्हणाले, “वा! इतकं सोपं सेफ्टीवाल्यांना कधी लिहिता आलं नाही. सगळ्या मशीनवर लावा!”

रमेश धावत माझ्या दुकानात. बारा प्रती, लॅमिनेशनसकट. मी म्हटलं, “अरे, पण पुढची ओळ वाचली का त्यांनी? ‘किती दिवसांत त्यांना काही विचारलं नाहीस.’”

“ती पोरांनी वाचली,” रमेश म्हणाला. “आता जेवायच्या सुट्टीत सगळे आपापले हात बघत बसतात!”

मी प्रती काढत होतो तेव्हा काउंटरच्या काचेखाली एक लग्नपत्रिका होती. गणपतच्या मुलीची, प्राजक्ताची. छापायला जायच्या आधीचा कच्चा नमुना. निमंत्रकांत आईवडिलांची नावं होती आणि त्यांच्याखाली चांगली तीन बोटं मोकळी जागा. ही पोरगी लहानपणी रमेशच्या खांद्यावरून उतरत नसे. तिनं बापाला बजावलं होतं, “काकाचं नाव नसंल तर पत्रिका छापूच नका.” गणपत मला म्हणाला होता, “झेरॉक्स, जागा सोडून ठेव रं. दोनदा त्याच्या पायरीपर्यंत जाऊन आलो. पाय वर उचलत नाय.”

रमेशनं पत्रिका बघितली. बराच वेळ बघितली. मग प्रती उचलून गेला. छापखान्याला सोमवारी सकाळी मजकूर द्यायचा होता.

*

त्याच्या आदल्याच दिवशी, रविवारी, संग्रहातली शेवटची कविता होती. गणपतची पाळी. तो उभा राहिला, खाकरला आणि वाचू लागला. एक माणूस खूप वर्षांनी एका घरापाशी येतो. दार उघडंच आहे. तो पायरीवर उभा राहतो. आत जावं की परत फिरावं, हे त्याला ठरवता येत नाही. वाचता वाचता गणपतचा आवाज बारीक होत गेला.

“‘...आणि मी पायरीवर उभा. तेवढ्यात आतून...’” गणपत थांबला. पान उलटून पाहिलं. मागं कोरं. “एवढीच हाय.”

भाऊ भडकले. “ही काय रीत झाली? आतून काय? अपुरा विषय मंजूर होत नाय!”

बाई म्हणाल्या, “मला वाटतं, तिनं मुद्दाम मोकळं सोडलंय. तो आत गेला की नाही, हे आपण ठरवायचं.”

“मंग ठरवा,” भाऊ म्हणाले. “मतदान घ्या!”

आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. संग्रहातली ही एकच कविता दोन पानांची होती. मी शहाण्यानं दोन्ही पानं वेगवेगळी लॅमिनेट केली होती, आणि गेल्या रविवारी न बघता पत्त्यांसारखी वाटली होती. मी तोंड उघडणार, तेवढ्यात रमेशनं पिशवीत हात घातला आणि एक पान काढलं. उभा न राहताच त्यानं वाचलं.

“‘...आतून कोणीतरी म्हणालं, किती वेळ उभा राहणार आहेस? जेवण निवतंय.’”

बाईंनी चष्मा काढून पदरानं पुसला, परत घातला, परत काढला.

भाऊंनी नेहमीप्रमाणे विचारलं, “सूचक?”

गणपतनं हात वर केला. तो खाली बघत होता.

“अनुमोदक?”

कोणाचाच हात वर गेला नाही. बाईंनीही केला नाही. मी वहीवर पेन टेकवून बसलो होतो.

रमेश वळला. तीन वर्षांत पहिल्यांदा, अध्यक्षांना मध्ये न घेता, तो बोलला.

“दादा, पत्रिकेत एवढी जागा कशाला सोडलीस रं? माझं नाव तीन अक्षरांचं तर हाय.”

भाऊंनी माझ्याकडे बघितलं. “बघतोस काय, झेरॉक्स? अनुमोदन आलं. लिव.”