गुलाबी हँडबिलावर न छापलेलं नाव

मंडळी, दुपारपासून मन भरून आलंय, म्हणून लगेच लिहितेय.

पोलादपूरच्या आमच्या वाचनालयात गावोगावच्या नाटकांची जुनी हँडबिलं आम्ही स्कॅन केलीत. मोठ्या स्क्रीनवर सगळी एकदम दिसतात. बोट लावलं की तेवढं हँडबिल मोठं होतं. वर नाव टाकून शोधायची सोयही आहे. तिचा मला कोण अभिमान!

आज वरच्या वाडीतले एक आजोबा आजींना घेऊन आले. मी उत्साहाने आजोबांचं नाव टाकलं. काहीच येईना. माझा चेहरा पडला.

आजोबा हसले. "माजं नाव नाय सापडायचं गो. मी विंगेत बसून वाक्यं सांगायचो. प्रॉम्प्टरचं नाव कोण छापतंय?"

तेवढ्यात आजींनी स्क्रीनवरच्या एका गुलाबी चौकोनावर बोट ठेवलं. त्यांना वाचता येत नाही, पण रंग पक्का ध्यानात होता.

"हाच कागद हाय. तवा आमचं लगीन ठरलं नव्हतं. मी विंगेच्या कडेलाच बसलेली. आख्खं नाटक दोनदा ऐकलं. आधी ह्यांच्या तोंडून, मग नटांच्या."

आजोबा चक्क लाजले.

मी तिथल्या तिथे त्या हँडबिलाच्या माहितीत 'प्रॉम्प्टर' म्हणून आजोबांचं नाव जोडलं आणि पुन्हा शोधलं. सगळी हँडबिलं बाजूला झाली, एकच गुलाबी राहिलं.

"परत दाव गो," आजी म्हणाल्या. मग आणखी एकदा.

तुमच्या घरात कोणाचं नाव छापायचं राहून गेलंय?