आतोबा आणि कापलेली नळी

जगात अद्याप न घडलेल्या अपघातांची इतकी सविस्तर माहिती आमच्या आतोबांखेरीज कोणाजवळही नसेल. जुनी इंदूरमधल्या घरातून निघताना ते गॅसची कळ तीनदा पाहतात, स्कूटरच्या डिकीत क्लचच्या दोन तारा बाळगतात, लग्नात मंडपाच्या दाराजवळचीच खुर्ची धरतात आणि पोह्यांवरच्या डाळिंबाच्या दाण्यांतही खडा शोधतात. "जिंदगीभर फिटर राहिलो, बेटा," ते सांगतात, "जे तुटणार नाही वाटतं ना, तेच तुटतं."

अशा माणसाला मी सायकल कापायला सांगितली. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या माझ्या प्रकल्पात साखळीऐवजी दातेरी रबरी पट्टा होता. साखळी कडी काढून उघडता येते. पट्टा मात्र अखंड, आणि सायकलच्या मागच्या चाकाजवळचा नळ्यांचा त्रिकोणही बंद. पट्टा आत जायचा, तर त्रिकोणाची एक नळी कापून तिथे बोल्टने उघडणारा जोड बसवणे भाग होते. ती सायकल परीक्षकांसमोर चालवायची होती, आणि पुण्यातली माझी नोकरी त्या निकालावर अडली होती.

"चांगली-भली हड्डी तोडायची अन् मग जोडत बसायचं?" आतोबांनी विचारले. भार अपेक्षेच्या तिप्पट झाला तरी जोड टिकेल, हे मी गणिताने दाखवले. त्यांनी कागद उलटून मागची बाजूही तपासली. "अन् चौपट झाला तर?"

चार दिवस ते नुसती मापे घेत राहिले. मला झोप लागेना. आत्या म्हणाली, "अहो, लग्नाआधी मला पण इतकं निरखून बघितलं नव्हतं तुम्ही."

"तेव्हाच तर सबक शिकलो!"

पाचव्या दिवशी जोड बसला, अगदी निर्दोष. परीक्षेच्या सकाळी मी सायकल न्यायला गेले, तर आतोबा घामाघूम पण प्रसन्न. दोन बोल्टांवर भरवसा न वाटून त्यांनी पहाटे उठून तो जोड चहूबाजूंनी वेल्ड करून टाकला होता. "आता हाथी बसव!"

पट्टा समोरच्या खिळ्याला लटकत होता.  मी त्याच्याकडे बोट दाखवले.

"अरे यार," आतोबा म्हणाले.  मग त्यांनी ग्राइंडर उचलला, पाऊण तासात वेल्ड घासून काढले, पट्टा आत घातला आणि बोल्ट कसले. निघताना गॅसची कळ एकदाही पाहिली नाही.

कॉलेजपर्यंत ते स्कूटरवरून माझ्या मागे होते, नजर जोडावर. मैदानात मी दहा फेऱ्या मारल्या, तेव्हा मात्र ते पाठ फिरवून उभे राहिले. जोड कुरकुरलासुद्धा नाही. सायकल थांबल्यावर त्यांनी हळूच विचारले, "मग आता पुण्याला जाशील?" या अपघाताची कल्पना त्यांनी बहुधा केली नव्हती.

आता सायकल माझ्याबरोबर पुण्यात आहे, आणि दर रविवारी त्यांचा फोन येतो. माझी विचारपूस नंतर, आधी, "बोल्ट बघितले का? जा, बघून ये. मी फोन धरतो."

माझ्या हिशेबाने ते सैल होण्याचे काहीच कारण नाही. तरी मी पाना घेऊन तीन मजले उतरते. कानाशी धरलेल्या फोनवर, इंदुरात, कोणीतरी श्वास रोखून उभे असते.