इंगळे सर आणि पिसांचे डायनासोर

चिखलीच्या कॉलेजातली आमची बॅच जमली की चहा निवून जातो, पण इंगळे सरांचे किस्से काही आटपत नाहीत. दर भेटीला एखादा नवाच निघतो. सरांच्या अख्ख्या नोकरीत तरी इतके घडले असतील का, शंकाच आहे!

तेव्हा महाराष्ट्र राज्य नवं होतं, आमचं कॉलेजही नवं. सर प्राणिशास्त्र शिकवायचे. मोताळ्याकडचे, बोली पक्की वऱ्हाडी. पक्षी हे डायनासोरांच्याच वंशातले, असं ते छातीठोक सांगत. आमच्या पुस्तकात तसं नव्हतं.

पहिल्याच तासाला म्हणाले, “डायनासोर संपले म्हणता? मंग थो खिडकीत बसून कोण खाऊन राह्यला?”

सगळ्यांनी वळून पाहिलं. कावळा होता.

मागच्या बाकावरचा गजू ओरडला, “सर, डबा माझा हाय!”

*

एकदा गजूच्या घरी सरांना जेवायला बोलावलं. कोंबडीचा बेत. तंगडी उचलून सर रंगात आले, “पाहा बे पोट्टेहो, हे हाड कोट्यवधी वर्षं जुनं हाय!”

वाढता वाढता गजूची आई थांबली. चेहरा पडला बिचारीचा.

“काय बोलता मास्तर! सकायीच तं कापली!”

सरांनी मुकाट्यानं रस्सा मागून घेतला.

*

आर्किऑप्टेरिक्स म्हणजे सगळ्यात जुना पक्षी. तोंडात दात, पंखांना नखं, हाडांची लांब शेपटी. आठवडाभर राबून आम्ही त्याचं मातीचं मॉडेल केलं, बाजारातून कोंबड्यांची पिसं आणून लावली. ओट्यावर वाळत ठेवलं, तर मांजरीनं मानेला धरून पळवलं!

आमच्या वर्गातल्या शोभाला रडूच फुटलं. सर मात्र खूश.

“काऊन रडतं पोरी? मांजरीले पक्षीच वाटला न! जमलं आपलं!”

*

ही शोभा भारी हुशार. पण घरी स्थळ येऊन बसलेलं. वडिलांनी बजावलं होतं, नापास झालीस की लग्न. त्यात तोंडी परीक्षेला बाहेरगावचे कडक परीक्षक आले. सर बाजूला बसलेले, पण बोलायची सोय नाही.

“आर्किऑप्टेरिक्स पक्षी की सरपटणारा प्राणी?”

शोभा दोन्हीकडची लक्षणं सांगत बसली. परीक्षक वैतागले, “अहो, एक काहीतरी ठरवा!”

“सर, त्याचंच ठरलं नव्हतं!”

परीक्षक खो खो हसले. शोभा पास झाली, स्थळ परत गेलं.

*

सर रिटायर होऊन बरीच वर्षं झाली होती. डोळ्यांनी दिसेनासं झालं होतं. चीनमध्ये पिसांचा डायनासोर सापडल्याची बातमी पेपरात आली, तसे मी आणि गजू मिळेल ती एसटी पकडून त्यांच्या गावी गेलो. बाजेजवळ बसून मी बातमी मोठ्यानं वाचली.



गजूला राहवेना. “सर, तुमचंच खरं निघालं!”

“ते राहू दे बे.” सर चाचपडत पुढे सरकले, पेपरवर हात ठेवला. “पिसांचा रंग कोणता हाय, ते वाच.”