वाळुंजाचे खुंट

दादाचा फोन सकाळी आला. "शैला गेली रे," एवढं बोलून तो थांबला, आणि लगेच म्हणाला, "लवकर ये. बाहेरची खोली टोपल्यांनी भरलीय, माणसांना टेकायला जागा नाही." खराडीहून बिबवेवाडीला पोचेपर्यंत मी फक्त टोपल्या कुठे ठेवायच्या याचाच विचार करत होतो. वहिनी गेल्या, याचा नाही. शेजाऱ्यांच्या जिन्यात आम्ही त्या रचल्या, तेव्हा तिथल्या एका आजींनी एक टोपली हातात घेऊन पाहिली. "वेताची आहे ही. शैला आधी वाळुंजाच्या करायची ना? ते का सोडलं तिने?" चहाचं बघून येतो असं म्हणून मी तिथून उठलो. या गोष्टीला दीड महिना होऊन गेला. अजून कुठेच नीट बसवत नाही.

माझे वडील भंडाऱ्याकडून कारखान्यात नोकरीला आलेले. खराडीला नदीकाठी त्यांनी अर्धा एकर घेतला, तो स्वस्त मिळाला म्हणून. स्वस्त का, ते पहिल्याच पावसाळ्यात कळलं... लावलेली गवार नदीने नेली, पुढच्या वर्षी मका नेला. वडील गेल्यावर जमीन आम्हा दोघा भावांच्या नावावर झाली आणि कुणी तिकडे फिरकेना. वहिनी एकदा सहज म्हणून गेल्या आणि काठावरचं एक झाड बघत उभ्या राहिल्या. पूर ओसरून आठवडा झाला नव्हता. सगळं आडवं, पण हे पुन्हा सरळ. वाळुंज ते. त्यांनी एक काडी तोडली, मनगटाभोवती गुंडाळली, बांगडीसारखी. काडी मोडली नाही. त्यांचे आजोबा टोपल्या विणायचे. "भाऊजी, ही जमीन मला कसायला द्या," त्या म्हणाल्या. आम्हाला काय, दिली.

ते खराडीत काचेच्या इमारती उठायला लागल्याचे दिवस. मला तिथल्याच एका कंपनीत नोकरी लागली होती आणि मी गळ्यातलं ओळखपत्र घरी आल्यावरही काढत नसे. वहिनींनी वाळुंजाच्या फांद्यांचे तुकडे ओळीने रोवले. थंडीत पानं झडली की सगळं रान जमिनीपासून वीतभर ठेवून छाटायचं, ही त्याची रीत. उरतात नुसते खुंट. पहिल्या वर्षी आलेलं सगळं छाटून त्यांनी फेकून दिलं तेव्हा दादा चिडला, वर्षभर वाढवून कापतेस कशाला म्हणून. छाटल्याशिवाय सरळ येत नाही, असं त्या म्हणाल्या. आणि खरंच, खुंटाच्या डोळ्यांतून पुन्हा कोंब फुटायचे ते सडसडीत, छडीसारखे. तिसऱ्या थंडीत ते माणसाच्या उंचीचे झाले.

त्या मोळी घेऊन मंडईत गेल्या. टोपल्यांच्या दुकानदाराने मान वर न करता सांगितलं, "सरपण पलीकडच्या गल्लीत." वहिनी त्याच्या पायरीवर बसल्या आणि विणायला लागल्या. तासाभराने तो म्हणाला, "बरं, दोन ठेवून जा. परत न्यायला याल तेव्हा रिक्षाचं भाडं मागू नका." न्यायची वेळ आली नाही. मग फुलवाले विचारायला लागले. दिवाळीला कंपन्या सुका मेवा भरून वाटायला टोपल्या मागायला लागल्या. वहिनींनी स्वतःच्या कमाईतून स्कूटी घेतली.

पुढचं सगळं त्या स्कूटीमुळेच झालं, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगितलं. एकदा आमच्या ऑफिसच्या बससमोर ती आली, मागे गाडीपेक्षा लांब मोळी आडवी बांधलेली. बस अडली. एकजण म्हणाला, "काकूंचं गाव अजून लॉगआउट झालेलं दिसत नाही." बस हसली. मीही हसलो. वहिनींनी मला खिडकीत पाहिलं, हात केला. शेजारच्याने विचारलं, ओळखीच्या आहेत का? मी नाही म्हणालो.

पुढच्या थंडीत त्यांची आई आजारी पडली. छाटणी उरकून, माल घरी आणून टाकून त्या माहेरी गेल्या. त्याच सुमारास आमच्या कंपनीला कॅब पुरवणारा कंत्राटदार गाड्या लावायला जागा शोधत होता. त्याने आधीही विचारलं होतं. वहिनींनी मला थांबायला सांगितलं होतं, आता कुठे मालाला गिऱ्हाईक लागलंय म्हणून. मी दादाला फोन केला. "तू बघून ये आणि काय ते ठरव," तो म्हणाला. मी कंत्राटदाराला घेऊन गेलो. सगळीकडे काळपट खुंट. "हे काय, जळालं का?" त्याने विचारलं. मी एका खुंटाजवळ वाकलो. डोळे फुगलेले होते. एका ठिकाणी तर साल फाटून तांबूस टोक बाहेर आलेलं. मी उभा राहिलो, पँटची माती झटकली आणि म्हणालो, "हो. गेलंय सगळं." दोन दिवसांत जेसीबीने खुंट उपटले, वर मुरूम पसरला.

वहिनी आल्या तेव्हा मी वाद घालायची तयारी करून बसलो होतो. भाड्यात त्यांचा वाटा, दुसरीकडे जागा, सगळं तोंडपाठ. त्यांनी एवढंच विचारलं,

"फुटले नव्हते का हो, भाऊजी?"

"नाही वहिनी. मेले होते."

 आपल्या तळहाताकडे बघत त्या म्हणाल्या, "मग माझंच चुकलं. घाईत छाटणी खोल गेली असणार."

माझी सगळी तयारी वाया गेली. त्यांनी भांडण केलं असतं तर मी कदाचित... नाही, तेव्हाही बोललो नसतो. त्यानंतर त्यांनी वाळुंज लावलं नाही. दुसरी जागा बघायला मी दोनदा सुचवलं, फार मोठ्या मनाने. बाजारातून वेत आणून त्या विणत राहिल्या. बायका शिकायला यायच्या, वाळुंजाचं विचारायच्या; "त्याला माझा हात नाही, माझ्या हाताखाली मेलं ते," असं त्या सहज सांगायच्या, वर हसायच्या. मी तिथे बसलेला असायचो. इतकी वर्षं. एका वाक्याचं काम होतं.

हा मजकूर छापायला देण्याआधी गेल्या रविवारी मी दादाकडे नेला. त्याने वाचायला मागितला नाही, मीच वाचून दाखवला. पूर्ण ऐकून तो पंख्याकडे बघत राहिला. वाटलं, आता हाकलून देईल. तसं केलं असतं तर बरं झालं असतं.

"तू कंत्राटदाराला नेलंस त्याच्या आदल्या रविवारी मी गेलो होतो तिथे," तो म्हणाला. "मीही बघितले होते कोंब."

मी हातातल्या कागदांची घडी घातली.

"मला ती पुष्कळदा विचारायची. झोपताना, जेवताना. खोल गेली असेल का हो छाटणी?" दादाने चष्मा काढला. "मी म्हणायचो, गेली असेल."

नळाला पाणी आल्याचा आवाज झाला, तसा तो उठला. गॅलरीत वेत भिजवायचं लांबट पत्र्याचं टाकं आहे. वहिनींच्या कंबरेला झेपेना तेव्हापासून ते भरून ठेवायचं काम त्याचं. त्याने बादली लावली, भरली, टाक्यात ओतली. पुन्हा लावली. आत भिजवायला काहीच नव्हतं. आता कशाला, असं माझ्या ओठांवर आलं होतं. विचारलं नाही. दुसरी बादली उचलली आणि त्याच्या मागे रांगेत उभा राहिलो.